आवरलेलं जेवणाचं टेबल बुधवारपर्यंत पुन्हा ऑफिस का होतं?

रविवारी संध्याकाळी टेबल लख्ख असतं. सोमवारी साडेनऊला त्यावर लॅपटॉप येतो, त्याच्यामागून चार्जर, माऊस, हेडफोन, वही. दुपारी हे सगळं एका कडेला सरकवून उरलेल्या अर्ध्या टेबलावर जेवणं होतात. मंगळवारी त्या ढिगावर लाइटबिल, औषधांची पिशवी आणि लेकीच्या वह्या चढतात. बुधवारी रात्री ताट मांडायला जागाच उरत नाही, मग जो तो आपलं ताट घेऊन सोफ्यावर जातो. शनिवारी चिडचिड आणि रविवारी पुन्हा आवराआवर.

जेवणाची जागा आणि घरून कामाची जागा ज्यांच्याकडे एकच आहे, त्यांना हा फेरा ओळखीचा असेल. आमच्याकडे तो दीड वर्ष चालला. घर डोंबिवलीतलं, टू बीएचके. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधला ८ बाय ९ फुटांचा तुकडा म्हणजे आमची जेवणाची जागा. त्यात ४ बाय अडीच फुटांचं चौघांचं टेबल, एका भिंतीवर देवघर, एका बाजूला खिडकी. मी एका सीएंच्या ऑफिससाठी घरून जीएसटीचं काम करते. नवरा रोज ठाण्याला जातो, लेक सहावीत आहे, आणि दुपारी सासूबाई याच टेबलावर भाजी निवडतात.

त्या दीड वर्षात आम्ही ही जागा तीनदा सजवली. भिंतीला रंग दिला, टेबलावर लटकता दिवा लावला, वेताच्या टोपल्या आणल्या. दरवेळी दोनेक आठवडे छान गेले आणि पसारा परत आला. आता गेले आठ महिने तो आलेला नाही. काय बदललं ते लिहिते. सुरुवात सजावटीपासून करू नका, एवढं आधीच सांगते.

आधी पसारा नीट बघा

एक आठवडा रोज दुपारी सव्वा वाजता, म्हणजे जेवणाच्या तोंडावर, मी टेबलाचा फोटो काढला. काही हलवायचं नाही, आवरायचं नाही, फक्त फोटो. रविवारी सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि दोन गोष्टी कळल्या.

पहिली अशी की टेबलावरच्या निम्म्याहून जास्त वस्तू ऑफिसच्या नव्हत्याच. चाव्या, कुरिअरची पाकिटं, रक्तदाबाच्या गोळ्या, कंपासपेटी, सोसायटीची पावती. या वस्तूंना घरात ठरलेली जागा नव्हती. टेबलावर आधीच काहीतरी मांडलेलं दिसलं की येणारा माणूस हातातली वस्तू तिथेच टेकवतो. मोकळ्या टेबलावर चावी ठेवताना जरा संकोच वाटतो, भरलेल्या टेबलावर वाटत नाही. ऑफिसचं सामान म्हणजे त्या ढिगाचा पाया होता. घरातले सगळे ऑफिसला बोल लावत होते आणि मीही ते मान्य करून गप्प बसत होते, ते फोटो पाहून थांबलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऑफिसच्या सामानाची ‘जागा’ बेडरूमच्या कपाटात होती. हिशेब मांडला. दुपारच्या जेवणाआधी उचलायचं, जेवणानंतर मांडायचं, रात्री उचलायचं, सकाळी मांडायचं. दिवसाला चार फेऱ्या, पाच दिवसांत वीस. त्यात दर फेरीला दोन्ही हात भरलेले आणि कपाटाचं दार बंद. इतक्या वेळा कोणीच करणार नाही. मी शिस्त नाही म्हणून स्वतःला दोष देत होते, पण खरा दोष अंतराचा होता. वस्तूची जागा खुर्चीवरून हात पोचेल इतकी जवळ नसेल, तर ती वस्तू टेबलावरच राहते.

तुमच्याकडे पसारा परत येत असेल तर आधी हे दोन्ही तपासा. बाकीची सगळी दुरुस्ती याच्यावर उभी आहे.

उतारा: हाताच्या अंतरावर एक उथळ कपाट

मी बसते त्या खुर्चीच्या उजव्या हाताला भिंतीवर १२ इंच खोलीचं कपाट करून घेतलं. यापेक्षा खोल कपाट अशा जागेत नको, कारण खुर्ची मागे ओढून माणसाला उठता यायला टेबलाच्या कडेपासून अडीच ते तीन फूट मोकळे लागतात. सुताराला बोलावण्याआधी खुर्ची पूर्ण ओढून, मागून एक माणूस चालवून बघा. दारंही बाहेर उघडणारी नकोत, सरकती बरी. आमच्या सुताराने आधी उघडणारी दारं कागदावर काढून दाखवली होती. पुठ्ठा कापून ती उघडझाप करून पाहिली तेव्हा लक्षात आलं की दार उघडताना सासूबाईंना दरवेळी खुर्चीतून उठावं लागलं असतं.

प्लायवूड घेताना त्यावरचा शिक्का वाचा. स्वयंपाकघराला लागून असलेल्या जागेत आयएस ७१० या भारतीय मानकाचं, म्हणजे मरीन प्लाय, किंवा निदान आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर प्रतीचं, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, घ्यावं. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्या, स्वस्त पडतात, पण पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीला ओल येते आणि त्यांच्या कडा फुगतात. आतल्या बाजूलाही लॅमिनेट लावून घ्या आणि कपाट भिंतीपासून अर्धा इंच सुटं ठेवायला सांगा. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या, असतात. त्यात स्क्रूसाठी ठोकतात तो साधा प्लास्टिकचा प्लग धरत नाही, भुगा होऊन सैल पडतो. त्यासाठी वेगळे लांब प्लग मिळतात, तेच वापरा. आमचं कपाट मी खाली पायांवर उभं करून घेतलं, भिंतीला फक्त टेकण. भार पायांवर, मनाला घोर नाही.

आतली रचना हीच खरी युक्ती. मधल्या फळीवर स्टीलचं जुनं ताटाळं ठेवलंय. ताटं उभी राहतात त्या खाचांत लॅपटॉप, कीबोर्ड, दोन रजिस्टरं आणि फायली उभ्या राहतात. एकावर एक रचलेलं सामान काढताना वरचं हलवावं लागतं, उभं असलं की हवं तेच हातात येतं. चार्जर कपाटातच जोडलेला असतो. आणि एक ट्रे, चहाचा असतो तसा. माऊस, हेडफोन, चष्मा, पेन, कॅल्क्युलेटर यातच. जे ट्रेमध्ये किंवा ताटाळ्यात मावत नाही, ते ऑफिसने या खोलीत आणायचंच नाही.

घरच्या वस्तूंसाठी दाराजवळ चाव्यांची पट्टी आणि एक खण केला, औषधांचा डबा फ्रिजशेजारी गेला. हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. तरी टेबल रिकामं राहण्यात त्याचा वाटा कपाटाइतकाच आहे.

जमलं की नाही हे तपासायला घड्याळ लावा. शेवटचा कॉल संपल्यापासून टेबलावर ताट येईपर्यंत तीन मिनिटं. जास्त लागत असतील तर कुठलीतरी वस्तू अजून लांब राहते आहे, ती शोधा. आमच्याकडे ती प्रिंटर निघाली. तो हॉलमध्ये टीव्हीखाली होता, त्यामुळे कागद टेबलावर साचायचे.

दुपारनंतर मान आणि खांदे भरून येतात

टेबल सुंदर दिसतं, पण ते जेवणासाठी केलेलं असतं. साधारण जेवणाचं टेबल ३० इंच उंच असतं आणि खुर्चीची बैठक १८ इंच. जेवताना हात टेबलावर काही क्षण टेकतात. टाइप करताना मात्र तासन् तास टेकलेले राहतात. खुर्चीवर ताठ बसा, दंड खाली सोडा, कोपर काटकोनात वळवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा. माझं माप २७ इंच आलं. म्हणजे टेबल मला ३ इंच उंच, आणि दिवसभर खांदे उचललेले.

टेबलाचे पाय कापण्याचा मोह टाळा, बाकीच्यांना जेवताना ते ठेंगणं होईल. बैठक उंच करा. दाट फोमची गादी बसल्यावर दबते, म्हणून हव्या त्या उंचीपेक्षा थोडी जाड घ्या. मग पाय अधांतरी होतात, आणि हे अनेकजण विसरतात. मी सुरुवातीला पायाखाली घरातला पाट घेतला होता. आईंना, म्हणजे सासूबाईंना, ते आवडलं नाही. “अगं, ज्यावर बसून पूजा होते त्यावर पाय काय ठेवतेस?” त्यांचं म्हणणं मला पटलं. उरलेल्या प्लायमधून सुताराने तेवढ्याच उंचीची तिरपी फळी करून दिली.

लॅपटॉप स्टँडवर चढवा, म्हणजे स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल, आणि कीबोर्ड-माऊस वेगळे घ्या. हात असलेली ऑफिसची खुर्ची घ्यायची असेल तर टेबलाच्या फळीखाली जी आडवी पट्टी असते, तिची जमिनीपासूनची उंची आधी मोजा. खुर्चीचे हात त्या पट्टीखाली जात नसतील तर तुम्ही टेबलापासून लांबच बसाल आणि पुन्हा वाकाल.

आणखी एक. टेबलावर पारदर्शक प्लास्टिक किंवा काच असेल तर माऊस अडखळतो. माऊस सदोष नसतो, त्याच्या प्रकाशाला पृष्ठभाग ‘दिसत’ नाही. खाली एक जाड कापड घाला.

दिवा छान आहे, पण डोळे दुखतात

लटकता दिवा हा जेवणाच्या टेबलाचा दागिना. आमचा टेबलापासून ३० इंचांवर होता. जेवताना सुरेख, काम करताना त्रास. तपासायची रीत सोपी आहे. स्क्रीन बंद करा आणि काळ्या काचेत बघा. तिथे दिवा किंवा खिडकी दिसली, तर तीच दिवसभर तुमच्या अक्षरांवर पडते आहे. बसायची जागा अशी निवडा की खिडकी कडेला येईल, पुढे नको आणि पाठीमागेही नको. पाठीमागे खिडकी असली की व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा काळा दिसतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना खिडकी डावीकडे बरी, हाताची सावली कागदावर पडत नाही.

एकाच दिव्याकडून दोन्ही कामं करून घेऊ नका. आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र ट्यूब असते. तिच्याखाली वरणभात निळसर आणि पोळी निस्तेज दिसते. जेवणाला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड हवा आणि कामाला ४००० चा. खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. मी छताला भिंतीलगत २० वॅटची ४००० केल्विनची एलईडी पट्टी लावली आणि लटकत्या दिव्याला पिवळा बल्ब ठेवला. दोन्हींची बटणं वेगळी. रात्री पांढरी बंद करून पिवळा लावला की खोली खरोखर बदलते, कपाटात गेलेलं ऑफिस डोक्यातूनही थोडं लवकर जातं. या सगळ्या कामात सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त फरक याने पडला.

दुपारी एकला कॉल तुटतो

हे मला फार दिवस कळलं नाही. इंटरनेट कंपनीकडे दोनदा तक्रार झाली, माणूस येऊन गेला, सगळं ठीक निघालं. मग वेळ लिहून ठेवायला लागले. कॉल तुटायचा तो एक ते दीडच्या मध्येच, आणि रविवारी लेकीच्या क्लासलाही. त्या वेळी मायक्रोवेव्ह चालू असायचा. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. राऊटर आमच्या फ्रिजवर होता, मायक्रोवेव्हपासून तीन फुटांवर. राऊटर हॉलमध्ये हलवला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडला, प्रश्न मिटला. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे तितकं पोचत नाही, त्यामुळे मध्ये दोन भिंती येत असतील तर लॅनची केबल टाकून घेणं उत्तम.

विजेचंही इथेच सांगते. जेवणाच्या जागेतला सॉकेट बहुधा ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १३८० वॅट. लॅपटॉप आणि स्क्रीन मिळून शंभर वॅटसुद्धा घेत नाहीत. पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर ७५० वॅटचा मिक्सर आणि ८०० वॅटचा टोस्टर एकदम चालले तर मर्यादा ओलांडली. बोर्ड कोमट लागत असेल तर त्याच दिवशी वापर थांबवा. इंडक्शन तर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावायचं. स्वयंपाकघरात जाणाऱ्या वाटेवरून आडवी जाणारी वायर मला सर्वात जास्त काळजीची वाटत होती, कारण आई हातात गरम पातेलं घेऊन तिथूनच येतात. इलेक्ट्रिशियनने भिंतीच्या तळाशी पट्टीतून वायर नेऊन कपाटाच्या आत वेगळा बोर्ड दिला. आता जमिनीवर एकही वायर नाही.

चिकटपणा, डाग आणि घुमणारा आवाज

फोडणीची वाफ तेल घेऊन येते. ते कीबोर्डवर बसतं, लॅपटॉपच्या पंख्यातही जातं आणि त्यावर धूळ धरते. फोडणी होताना एक्झॉस्ट लावणं आणि लॅपटॉप कपाटात असणं, दोन्ही हवं. सकाळचा स्वयंपाक उरकल्यावरच मी लॅपटॉप बाहेर काढते.

टेबलावरच्या हळदीच्या डागाने घाबरू नका. साबण लावला की तो आधी लालसर होतो, कारण क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो. हळद उन्हात उडते. खिडकीतून टेबलावर ऊन येत असेल तर पुसून दोन दिवस वाट पाहा. पॉलिश केलेल्या लाकडावर गरम कुकरचा पांढरा गोल मात्र सहज जात नाही. अडणी टेबलावरच राहू द्या, ती सजावटीतही शोभते.

आवाज घुमण्याचं कारण फरशी आणि उघड्या भिंती. टेबलाखाली गालिचा घालावा असं अनेकजण सुचवतात, मी तसं सुचवणार नाही, शितं आणि मुंग्या दोन्ही गोळा होतात. मी समोरच्या भिंतीवर जाड सतरंजी टांगली आणि खिडकीला जाड पडदा लावला. पलीकडच्या माणसाला फरक लगेच कळला.

आता सजावट

इथपर्यंत आलात की सजवायला फार काही उरत नाही. टेबल मोकळं दिसतं हीच मोठी शोभा. कपाटाची दारं मी भिंतीच्याच रंगाची ठेवली, म्हणजे ती डोळ्यात भरत नाहीत. रंग धुता येणारा घ्या, जेवणाच्या जागेत भिंतीला हात लागतातच. माझ्या पाठीमागची भिंत कॉलमध्ये दिसते, म्हणून तिथे फ्रिज न येता गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांचं वारली चित्र येईल अशी खुर्ची फिरवली. देवघर मुद्दाम कॅमेऱ्याबाहेर ठेवलं. सात वाजता आई तिथे दिवा लावतात, त्याआधी टेबल रिकामं करायचं हे घरात कोणी ठरवलं नाही, आपोआप होत गेलं.

एक दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या दिवसांत, कागद ट्रेमध्ये मावत नाहीत. त्यासाठी कपाटाच्या वरच्या फळीवर एक रिकामी पेटी फक्त त्या दिवसांसाठी ठेवली आहे, २१ तारखेला ती रिकामी व्हायलाच हवी. आणि दिवाळीच्या आधीचे चार दिवस टेबल पूर्णपणे आईंचं असतं, चकल्या आणि करंज्या तिथेच होतात. तेव्हा ट्रे आणि लॅपटॉप घेऊन मी बेडरूममध्ये जाते. इलेक्ट्रिशियन आलाच होता, तेव्हा तिथल्या खिडकीपाशी एक सॉकेट काढून घेतला आहे.